गुडघ्याखालची गादी

सोफावाल्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ऑफसाइड म्हणजे काय, हे त्याच्या मुलीने त्याला जेवणाच्या टेबलावर पेले आणि चमचे मांडून कितीदा तरी समजावलं होतं. दर वेळी तो "अच्छा, अच्छा" म्हणत मान डोलवायचा आणि पुढच्या मॅचला पुन्हा विचारायचा, "आता का शिट्टी वाजवली त्याने?" तरी एका दिवसात जाऊन येण्याजोगं असं एकही मैदान नव्हतं जिथे त्याची जुनी करडी गाडी उभी राहिली नव्हती. कुठल्या मैदानाबाहेर सावली मिळते, कुठल्या रस्त्यावरचा संडास स्वच्छ असतो, कुठल्या गावात शिरताना पोलीस उगाच अडवतात, हे त्याला तोंडपाठ होतं. खेळ सोडून खेळाचं बाकी सगळं त्याला येत होतं.

धंदा सोफादुरुस्तीचा. अरुंद गल्लीत एक लांबोडका गाळा, पुढे काम आणि मागे राहायची खोली. मध्ये भिंत म्हणून फोमच्या थप्प्या. नाव कुणी विचारत नसे, गल्लीत सगळे त्याला सोफावालाच म्हणायचे. हात मात्र चांगला होता. कुठल्याही खुर्चीवर तळवा दाबला की आत काय मेलंय ते त्याला कळायचं. माणसांच्या बाबतीत ही कला त्याला साधली नव्हती, असं त्याची बायको म्हणे. ती आता त्याची बायको नव्हती, पण त्याच्याबद्दल तिने म्हटलेली वाक्यं अजून त्याच्याकडेच राहत होती.

दोघं वेगळे झाले तेव्हा भांड्यांची फेकाफेक, शेजाऱ्यांचं कान लावणं असलं काही झालं नाही. दोघंही दमले होते, इतकंच. सोमवार ते शुक्रवार मुलगी आईकडे आणि शनिवार-रविवार बापाकडे, असं ठरलं. मुलीला घरात भिंगरी म्हणायचे. चालायला लागल्यापासून ती एका जागी टिकली नव्हती, त्यामुळे नाव तिला चिकटलं आणि शोभलंही.

पहिल्या शनिवारी भिंगरी बापाकडे आली आणि गाळ्यातल्या मोठ्या हिरव्या सोफ्यावर ऐसपैस पसरली. "बाबा, हा माझा," तिने जाहीर करून टाकलं. पुढच्या शनिवारी आली तर हिरवा सोफा नव्हता. गिऱ्हाईक घेऊन गेलं होतं. त्याच्या जागी दोन तपकिरी खुर्च्या होत्या, त्याही अर्ध्या उसवलेल्या. त्यानंतर कुठल्याही सोफ्याला ती "माझा" म्हणाली नाही. सोफावाल्याला हे लागलं. आपल्या घरात बसायच्या इतक्या जागा आहेत आणि त्यातली एकही आपल्या मुलीची नाही, हे त्याच्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. वरून डिंकाच्या वासाने तिचं डोकं दुखायचं. रविवारी दुपारी दोघं एकमेकांसमोर बसून घड्याळाकडे बघायचे आणि दोघंही तसं बघत नसल्याचं दाखवायचे.

अशात फुटबॉल आला. आधी शाळेची टीम, मग क्लब, मग लीग. शनिवारी एका गावात मॅच, रविवारी दुसऱ्या. सोफावाल्याला देव पावल्यासारखं झालं. आता शनिवारी काय करायचं हा प्रश्नच उरला नाही. गाडीत बसायचं आणि निघायचं.

आणि गाडीत काय जादू व्हायची कोण जाणे, दोघंही बोलायला लागायचे. समोरासमोर बसलं की ज्यांच्या जिभेला कुलूप लागायचं, ते शेजारी शेजारी बसून, समोरच्या रस्त्याकडे बघत तासन्‌तास बडबडायचे. शाळेतल्या बाईंची नक्कल, मैत्रिणीने केलेला दगाफटका, आईचा नवा चष्मा, सगळं तिने त्याला गाडीतच सांगितलं. त्यानेही तिला कधी नव्हे ते स्वतःच्या लहानपणाबद्दल सांगितलं. पुढची डावी सीट तिची झाली. त्याने ती उसवून तिच्या मापाने पुन्हा भरली, कडेला बाटलीसाठी खिसा शिवला, डोक्याशी मऊ उशी लावली. ही जागा कुठलंच गिऱ्हाईक नेणार नव्हतं.

क्लबची बस होती. टीमच्या बाकी मुली बसनेच जायच्या. सर, म्हणजे टीमचे कोच, त्याला दर महिन्याला आठवण करून द्यायचे.

"तिला बसने पाठवत जा हो. आम्ही वाटेत थांबतो, मुलींना उतरवून चालवतो, पाय मोकळे करून घेतो. तुम्ही तिला सरळ आणून मैदानात सोडता. आखडलेल्या पायांनी पोर धावणार कशी?"

"गाडीत तिला आराम मिळतो, सर."

"आराम वेगळा आणि अंग मोकळं होणं वेगळं."

"बघतो," सोफावाला म्हणायचा. त्याच्या "बघतो"चा अर्थ सरांना कळून चुकला होता, म्हणून ते पुढे बोलायचे नाहीत.

मैदानावर तो एकटाच असायचा. बाकीचे आईबाप घोळक्याने बसायचे, थर्मास फिरवायचे, रेफरीला मनसोक्त शिव्या घालायचे. त्याला कुणी ये म्हटलं नाही असं नाही. पण गेल्यावर बोलायचं काय? ऑफसाइडबद्दल? तो आपला रेषेच्या टोकाला, झाडाखाली किंवा भिंतीशी उभा राहायचा. फार कंटाळा आला तर प्रेक्षकांच्या खुर्च्या दाबून बघायचा. मुलगी बचावाला खेळायची, त्यामुळे बराच वेळ ती त्याच्या टोकाला असायची. चेंडू दुसऱ्या बाजूला असला की ती एकदा वळून बघायची. त्या एका बघण्यासाठी तो अख्खा आठवडा टाके घालायचा, असं म्हटलं तर त्यात फार खोटं होणार नाही.

गुडघा दुखायला कधी लागला हे नक्की सांगता येणार नाही. एके दिवशी परतीच्या वाटेवर तिने पाय उचलून पुढे डॅशबोर्डवर ठेवला.

"काय झालं?"

"काही नाही. जरा दुखतंय. दोन दिवसांत दोन मॅच झाल्या ना."

पुढच्या शनिवारी तिच्या सीटवर एक छोटी गादी होती. त्याने बुधवारची दुपार खर्ची घालून ती केली होती. खाली कडक फोम, वर मऊ, मध्ये गुडघ्याच्या मागच्या बाजूला बसेल असा उतार, आणि निळं जाड कापड. तिने पाय ठेवून बघितला आणि डोळे मिटले.

"बाबा, कसली भारी आहे ही!"

झालं. सोफावाल्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दुखणं मात्र गेलं नाही. मॅच संपल्यावर गुडघा फुगायला लागला. दुसऱ्या कुणी बापाने पोरीला डॉक्टरकडे नेलं असतं. याने गादीची उंची वाढवली. मग उतार बदलला. मग एका बाजूला उंच कड शिवली, म्हणजे वळणावर पाय हलणार नाही. दुखऱ्या जागेखाली योग्य जाडीचा फोम घातला की काम भागतं, हे तो उभ्या हयातीत शिकला होता, आणि त्याच्या धंद्यात ते खरंही होतं.

एका लांबच्या स्पर्धेत यजमान क्लबची फिजिओ बाई होती. तिने खेळ संपल्यावर भिंगरीला लंगडताना बघितलं आणि बाकावर बसवून गुडघा वळवून, दाबून पाहिला. मग सोफावाल्याला बोलावलं.

"वडील ना तुम्ही? हिचा खेळ आता बंद करा. निदान दोन महिने. आणि तपासणी करून घ्या. हा गुडघा असाच पळवलात तर एक दिवस आतून फाटेल."

"हो, हो. बघतो."

दोघं गाडीत बसून निघाले. गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना मोकळी शेतं लागली. शेवटी तीच म्हणाली, "मग? काय करायचं?"

सोफावाला मनात हिशेब करू लागला. दोन महिने. म्हणजे दोन महिन्यांचे शनिवार आणि रविवार. त्याला डोळ्यांसमोर गाळा दिसला, डिंकाचा वास आला, समोरासमोरच्या दोन खुर्च्या आणि भिंतीवरचं घड्याळ दिसलं. दोन महिन्यांनी ही येईल का? पंधरा वर्षांची पोर, आईच्या घरी तिची स्वतःची खोली. एकदा सवय मोडली की मोडली. त्याला भीती वाटली, आणि त्या भीतीत गुडघ्याचं नाव कुठेही नव्हतं. हेच त्याचं पाप.

"गादी जरा उंच करू," तो म्हणाला.

ती खिडकीबाहेर बघत होती. "हं," म्हणाली. "करा."

आईने विचारलं तर तिने सांगितलं, बाबांनी एका डॉक्टरला दाखवलंय. सरांनी विचारलं तर बापलेक दोघंही म्हणाले, आता बरं आहे. दोघांनी मूग गिळले. एकमेकांशीही त्यांनी त्यावर पुन्हा चकार शब्द काढला नाही, जणू करार केला होता. आणखी काही मॅच तशाच झाल्या. ती गुडघ्याला घट्ट पट्टी बांधायची, वर मोजा ओढायची आणि जायची.

तो रविवार होता, ऊन चढलं होतं, आणि दुसरा हाफ नुकताच सुरू झाला होता. कुणी तिला धक्का दिला नाही, कुणी आडवं आलं नाही. ती चेंडूमागे धावत आली, वळली, पाय जमिनीत रुतल्यासारखा राहिला आणि बाकीचं अंग पुढे गेलं. सोफ्याखालची पट्टी तुटली की सोफा जसा एका कोपऱ्यात बसतो, तशी ती बसली. सोफावाल्याने असं बसणं हजारदा पाहिलं होतं. आत काय तुटलंय हे त्याला रेषेबाहेरूनच कळलं.

तो धावला. रेफरी ओरडला, तरी धावला. ती गवतावर दोन्ही हातांनी गुडघा धरून होती, ओठ पांढरे पडले होते.

"बाबा, आईला इतक्यात फोन करू नका," ती म्हणाली. "आधी मला गाडीत बसवा."

त्याने तिला उचललं. तान्ही असताना उचलायचा, त्यानंतर आत्ताच. ती इतकी जड झाली होती हे त्याला ठाऊकच नव्हतं.

गुडघ्यातला लिगामेंट तुटला होता, शेजारची कूर्चाही फाटली होती. ऑपरेशन झालं. वर्षभर मैदान नाही, आणि त्यानंतरचं त्यानंतर बघू, असं डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सोफावाला हॉस्पिटलमध्ये गेला तेव्हा निळी गादी काखोटीला मारून गेला. पोर डोळे मिटून पडली होती. त्याने अलगद तिचा पाय उचलला आणि गादी सरकवली. कितीतरी दिवसांनी आपण काहीतरी कामाचं केलं, असं त्याला वाटलं. तेवढ्यात नर्स आली.

"हे काय? कुणी ठेवलं हे?"

"मी. तिला यावर बरं वाटतं."

"अहो, गुडघ्याखाली काहीही ठेवायचं नाही! वाटतं बरं, पण पाय वाकलेलाच राहतो मग. सरळ होत नाही. उशी द्यायची तर टाचेखाली." आणि तिने गादी ओढून त्याच्या हातात दिली.

तो गादी मांडीवर घेऊन भिंतीशी बसून राहिला. भिंगरीची आई खिडकीजवळ उभी होती, तिने हे सगळं पाहिलं होतं. नर्स गेल्यावर तिने हळू आवाजात विचारलं, "गुडघा इतका बिघडलाय हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"कुणी सांगितलं होतं? डॉक्टरने?"

"फिजिओने. दोन महिने थांबवा म्हणाली होती."

"ती लहान आहे. तिने माझ्यापासून लपवलं, हे मी समजू शकते. तुम्ही का लपवलंत?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं विचारलं. त्याच्याकडे उत्तर होतं, पण ते असं होतं की कुठल्याही माणसाला तोंडाने म्हणता येऊ नये. तो गादीच्या कडेची शिवण नखाने दाबत राहिला. मुलगी जागी आहे की झोपली आहे, हे दोघांपैकी कुणीच बघितलं नाही.

मुलगी घरी गेली, म्हणजे आईच्या घरी. दुसरीकडे कुठे जाणार? बापाच्या खोलीत जायचं तर फोमच्या थप्प्यांमधून आडवं होऊन जावं लागायचं, कुबड्या घेऊन कसं जमणार?

पहिल्या शनिवारी सोफावाल्याने दुकान उघडलं. गल्लीतला चहावाला थबकलाच. "आज कसे काय? मॅच नाही?"

"नाही."

"पोरगी काय म्हणते?"

"बरी आहे."

त्याने एका सोफ्याची पाठ शिवायला घेतली, शिवली, आणि मग बरी नाही दिसत म्हणून सगळी उसवली. पुन्हा शिवली. दुपार सरता सरेना. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. मधेच तो उठून तिच्यात जाऊन बसला, किल्ली न लावता. शेजारची सीट तिच्या मापाने भरलेली, त्यामुळे मोकळी असली तरी कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी दिसत होती. गादी तिथेच पडली होती. टाकून द्यावी असं त्याच्या मनात दहादा आलं आणि हात काही धजला नाही. इतकं एकटं त्याला वेगळं होतानासुद्धा वाटलं नव्हतं. तेव्हा निदान कुणीतरी दुसरंही चुकलं होतं.

दुसरा शनिवार तसाच गेला. तिसऱ्या शनिवारी सकाळी फोन वाजला.

"बाबा, आज शनिवार आहे."

"माहीत आहे."

"मग?"

"मॅच कुठे..." सवयीने त्याच्या तोंडून निघालं आणि त्याने जीभ चावली.

"मॅच नाही. तुम्ही या."

"मी येऊन हॉर्न देतो, तू..." तो पुन्हा अडखळला. इतकी वर्षं तो इमारतीच्या फाटकाशी गाडी उभी करायचा, दोनदा हॉर्न द्यायचा आणि ती उड्या मारत खाली यायची. वर तो कधीच गेला नव्हता. त्याला कुणी मज्जाव केला नव्हता. कुणी बोलावलंही नव्हतं.

"मी खाली कशी येणार? तीन मजले आहेत. तुम्ही वर या."

जिना चढताना त्याला पहिल्यांदाच कळलं की आपण हात हलवत चाललोय. काहीतरी शिवून, भरून, दुरुस्त करून घेतल्याशिवाय तो कुणाकडे गेला नव्हता. दार भिंगरीच्या आईने उघडलं. मुलीने गाडीत सांगितलेला तिचा चष्मा त्याने आज पहिल्यांदा नीट पाहिला. तिने क्षणभर त्याच्याकडे बघितलं, मग बाजूला झाली.

"या. आतल्या खोलीत आहे ती. मला बाजारात जायचंय, तासभर लागेल." खरं तर तिच्या हातात पिशवीही नव्हती.

भिंगरीची खोली छोटी होती. खिडकीशी पलंग, त्यावर पट्ट्यांनी जखडलेला पाय, टाचेखाली दुमडलेला टॉवेल. पायथ्याशी लाकडी खुर्ची होती. तो त्या खुर्चीवर बसला, मुलीच्या समोर. आणि झालं, कुलूप लागलं.

"दुखतंय का?"

"कमी आहे."

"जेवतेस ना?"

"हो."

कुठेतरी घड्याळ चालत होतं. त्याने खोलीभर नजर फिरवली, मग आपल्या हातांकडे पाहिलं. उठावं का, असं त्याच्या मनात आलं.

"बाबा, तिथे नको," ती म्हणाली. "खुर्ची इकडे आणा. अशी. माझ्या शेजारी, तोंड खिडकीकडे."

त्याने खुर्ची ओढली. आता दोघंही एकाच बाजूला बघत होते. समोर काच होती, काचेपलीकडे आकाश, समोरच्या इमारतीच्या गच्च्या, आणि खाली रस्ता. फाटकाशी त्याची करडी गाडी होती. वरून ती किती लहान आणि टपावर किती गंजलेली दिसते, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"इथून सगळं दिसतं," भिंगरी म्हणाली. "तुम्ही हॉर्न कितीतरी उशिरा द्यायचात. त्याच्या आधी तासभर येऊन नुसते बसून असायचात. काच पुसायचात. माझी सीट झटकायचात. मी इथे तयार होऊन बघत बसायचे."

"मग खाली का नाही आलीस लवकर?"

"तुम्ही बोलावलं कुठे होतं?"

तो खाली गाडीकडे बघत राहिला.

"ती बाई म्हणाली ना, दोन महिने बंद," ती पुढे म्हणाली, काचेकडेच बघत. "मला पण थांबायचं होतं. खूप दुखत होतं, बाबा. मला वाटलं, तुम्ही म्हणाल थांब, म्हणून मी विचारलं. तुम्ही म्हणालात, गादी उंच करू. मग म्हटलं, राहू दे. खेळणं थांबलं तर शनिवारी तुम्ही येऊन थांबणार कुठे?"

सोफावाल्याने तोंड फिरवलं. ती तशीच समोर बघत राहिली, गाडीत बघायची तशी, म्हणून त्याला रडता आलं. बऱ्याच वेळाने त्याने बाहीने तोंड पुसलं.

"चुकलो गं मी."

"हो," ती म्हणाली. तिने त्याला "नाही" म्हटलं नाही, आणि ते बरंच झालं. थोड्या वेळाने तिने विचारलं, "ती खुर्ची टोचते ना? त्या खुर्चीवर कुणी बसतच नाही."

त्याने सवयीने तळवा दाबून बघितला. "सरळ फळी आहे नुसती."

"माझी गादी कुठे आहे? टाकलीत?"

"गाडीत आहे. पण तुला ती नाही चालत."

"मला नकोय. घेऊन या आणि तुम्ही बसा त्यावर. दर शनिवारी काय फळीवर बसणार आहात?"

तो तीन मजले उतरला. गाडीचं डावं दार उघडून त्याने गादी उचलली, झटकली, दार लावलं. मग मान वर करून पाहिलं. खिडकीत ती दिसत होती, अगदी स्पष्ट. इथून ती नेहमीच दिसली असती. इतकी वर्षं तो फाटकाकडेच बघत बसला होता.